जालन्याच्या डोक्यावरचे आभाळ कोण मोजणार?



'आयनांबर' हा शब्द आपल्याला आयुष्यात दोनदा भेटतो. पहिल्यांदा शाळेत, भूगोलाच्या पुस्तकातल्या वातावरणाच्या थरांच्या आकृतीत. दुसऱ्यांदा इंजिनिअरिंगला, वेव्ह प्रोपगेशनच्या चॅप्टरमध्ये. दोन्ही वेळा आपण काय करतो? डी, ई, एफ-१, एफ-२ अशी उतरंड काढतो, शेजारी उंचीचे आकडे टाकतो, मार्क घेतो आणि पेपर सुटला की विसरून जातो. ओरलला सरांनी विचारलेच तर 'सर, रेडिओ वेव्ह रिफ्लेक्ट करतो' एवढे एक वाक्य तयार असते. विषय संपला!

पण मंडळी, तो थर काही संपत नाही. आत्ता तुम्ही हे वाचत असताना तो आपल्या होस्टेलच्या वर आहे. खिशातल्या मोबाईलला जीपीएसचा जो सिग्नल येतो तो याच थरातून, वाटेत थोडा रखडून येतो. हे रखडणे मोजता येते, आणि मोजले तर शेकडो किलोमीटर उंचीवर काय चालले आहे ते जमिनीवर बसून कळते. रॉकेट नको, रडार नको, कोट्यवधींची ग्रँट नको. म्हणूनच माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या कॉलेजने होस्टेलच्या गच्चीवर उपग्रहांच्या सिग्नलची रोजची नोंद सुरू करावी, आणि ती एका बॅचने दुसऱ्या बॅचच्या हाती देत राहावी. का, ते आता सांगतो.

एकाची चूक, दुसऱ्याची माहिती

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० कि.मी. उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला सिग्नल बहुतेक वाट मोकळ्या अवकाशातून येतो. शेवटच्या हजारएक किलोमीटरमध्ये मात्र त्याला इलेक्ट्रॉनची गर्दी लागते. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून सुटे केलेले हे इलेक्ट्रॉन. सर्वात दाट गर्दी साधारण ३०० कि.मी. च्या आसपास, म्हणजे आपल्या आकृतीतल्या त्या एफ थरात.

आता गंमत अशी की या गर्दीचा त्रास सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा होत नाही. फ्रिक्वेन्सी जास्त तर उशीर कमी, आणि तोही वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. उपग्रहापासून आपल्यापर्यंत एक चौरस मीटरचा उभा नळकांडा कल्पा आणि त्यातले सगळे इलेक्ट्रॉन मोजा. या संख्येला 'टोटल इलेक्ट्रॉन कंटेंट' म्हणजे टीईसी म्हणतात. एकावर सोळा शून्ये एवढे इलेक्ट्रॉन म्हणजे एक टीईसी युनिट. एका युनिटमागे जीपीएसच्या एल-१ सिग्नलची (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) वाट सुमारे १६ से.मी. ने लांबल्यासारखी वाटते, आणि एल-५ ची (११७६.४५ मेगाहर्ट्झ) सुमारे २९ से.मी. ने. फरक साधारण १३ से.मी. चा. म्हणजे दोन्ही सिग्नल एकाच उपग्रहाचे अंतर वेगवेगळे सांगतात! समजा हा फरक साडेसहा मीटर आला, तर १३ से.मी. ने भागा. वाटेत ५० युनिट इलेक्ट्रॉन आहेत. (उपग्रहाच्या आणि रिसीव्हरच्या सर्किटमधला स्वतःचा फरक आधी वजा करावा लागतो, पण तत्त्व एवढेच.) हा भागाकार आठवीतला मुलगाही करील.

आपल्याकडे, सूर्य जोरात असलेल्या वर्षी, मार्च-एप्रिलच्या दुपारी हा आकडा १०० युनिटच्या घरात जातो. म्हणजे एल-१ वर सोळा मीटरची चूक. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली. तेव्हापासून एकच फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या साध्या रिसीव्हरला सर्वात मोठा त्रास देणारा घटक हाच राहिला आहे. जीपीएस स्वतःही यावर उतारा पाठवते. आठ आकड्यांचे एक सूत्र सिग्नलबरोबरच येते, क्लोबुचर मॉडेल त्याचे नाव. पण ते सरासरी निम्मीच चूक दुरुस्त करते. उरलेली निम्मी आपल्या पदरात.

थोडक्यात, रस्ता शोधणाऱ्याला जी चूक वाटते, तीच वातावरण अभ्यासणाऱ्याची माहिती असते. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक उडाला, तेव्हाच त्याच्या २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या 'बीप-बीप' वरून शास्त्रज्ञांनी आयनांबर मोजायला सुरुवात केली होती.

कारंजे आणि बुडबुडे

'पण जगात कुठेही मोजा, आकाश तेच. जालन्यातच काय विशेष?' असा प्रश्न कुणी विचारील. विशेष आहे. आणि हे मी गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाही.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून, तिरुनेलवेलीच्या जवळून जाते. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तरेला नि दक्षिणेला घरंगळतात. अगदी बागेतल्या कारंज्यासारखे. त्यामुळे सर्वात जास्त इलेक्ट्रॉन विषुववृत्तावर नसतात, तर दोन्ही बाजूंना थोडे लांब जाऊन पडतात. उत्तरेकडचा हा ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळ-कोलकाता या पट्ट्यावर येतो. जालना आहे १९.८ अंश उत्तरेला. म्हणजे आपण या ढिगाच्या उतरणीवर बसलो आहोत. कारंजे जोरात असेल त्या दिवशी ढीग आपल्या उत्तरेला जातो, मंद असेल त्या दिवशी दक्षिणेकडे सरकतो. उतरणीवर शे-दोनशे किलोमीटरमध्ये आकडा झपाट्याने बदलतो, म्हणून मुंबईचा किंवा हैदराबादचा आकडा जालन्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरी गोष्ट सूर्यास्तानंतरची. अंधार पडला की आयनांबराचा खालचा भाग चटकन विरळ होतो आणि वरचा दाट थर अधांतरी राहतो. जड थर वर, हलका खाली. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्या मित्रांना विचारा, अशी रचना टिकत नाही. खालून विरळ भागाचे फुगे वर घुसतात. त्यांना प्लाझ्मा बबल म्हणतात. हे फुगे चुंबकीय रेषांवर लांबट पसरलेले असतात. त्यांच्यात तीन-चारशे मीटरच्या गाठी असतात, आणि त्यांतून येणारा जीपीएसचा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. यालाच सिंटिलेशन म्हणायचे. सिग्नल इतका खालीवर होतो की कधी रिसीव्हर उपग्रह सोडूनच देतो. आपल्या भागात हा खेळ मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, रात्री साधारण साडेसात-आठ ते मध्यरात्र, जास्त चालतो.

आता नीट लक्ष द्या. विषुववृत्तावर फुगा जितका उंच चढतो तितका तो उत्तरेकडे पसरतो. थोडा चढला तर त्याचा प्रताप तिरुनेलवेलीपुरता. खूप चढला तर तो जालन्यावरून पुढे भोपाळपर्यंत पोचतो. म्हणजे जालन्यात लुकलुक दिसली की नाही यावरून हजार-बाराशे किलोमीटर लांब विषुववृत्तावर तो फुगा कुठवर चढला याचा अंदाज बांधता येतो! शिवाय हे फुगे पूर्वेकडे सरकतात, सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे मीटर वेगाने. मुंबई आणि जालना यांच्या रेखांशांत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. म्हणजे मुंबईच्या रेखांशावरचा फुगा पाऊण-एक तासात आपल्या रेखांशावर. वंदे भारतलाही मुंबईहून इकडे यायला सहा-सात तास लागतात, बरं का!

ही वाट आपल्याच लोकांनी पाडली आहे

हे सगळे परदेशी पुस्तकातले आहे असे समजू नका. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर भारताकडे वळवला होता. त्यावरून 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. हे आपण सामान्य ज्ञानात वाचतो. पण त्याच उपग्रहावर ४०, १४० आणि ३६० मेगाहर्ट्झचा एक रेडिओ बीकनही होता. गावकरी पडद्याकडे बघत होते तेव्हा उटकमंड आणि अहमदाबादसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञ त्या बीकनवरून इलेक्ट्रॉन मोजत होते. एकाच उपग्रहाची दोन कामे.

पुढे इस्रोच्या तिरुअनंतपुरमच्या शास्त्रज्ञांनी 'क्रॅबेक्स' नावाचा प्रयोग केला. तिरुअनंतपुरम, बंगळूर, हैदराबाद, भोपाळ, दिल्ली अशी साधारण ७७-७८ अंश रेखांशावर रिसीव्हरची रांग लावली. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या १५० आणि ४०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलवरून, डॉक्टर लोक सीटी स्कॅन काढतात तसा आयनांबराचा उभा छेद काढला. मे २००३ मध्ये सुटलेल्या जीसॅट-२ वरही याच प्रयोगाचा बीकन होता. आता नकाशा उघडून ती रांग बघा. हैदराबाद आणि भोपाळ यांच्यामध्ये मोठे अंतर दिसेल. आपला जिल्हा त्या रांगेपासून थोडासाच पश्चिमेला, नेमका त्या अंतरात पडतो.

महाराष्ट्रात तर या विषयाचे माहेरघर आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात तिचे केंद्र आहे. तिथल्या कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशातल्या मंद लाल उजेडात हे फुगे टिपले आहेत. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला तर दूरच्या आकाशगंगांचे सिग्नल बघताना याच थराची चूक सतत काढून टाकावी लागते. आणि विमानांसाठी इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या 'गगन' प्रणालीचे सर्वात अवघड काम कोणते होते? उपग्रह सोडणे नव्हे. भारतावरच्या आयनांबराचे मॉडेल बनवणे. त्यासाठी आधी देशभर टीईसी मोजणारी स्टेशने उभारावी लागली. अमेरिकेचे तयार सूत्र इथे नीट चालेना, कारण त्यांच्या डोक्यावर हे कारंजे नाही! ३० डिसेंबर २०१३ ला गगनला पहिले प्रमाणपत्र मिळाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला गगनच्या मार्गदर्शनाने विमान उतरवण्याची चाचणी झाली. गगनच्या संदर्भ स्टेशनांपैकी एक नागपूरला आहे, एक गोव्याला.

कुलाब्याची वही

आता माझ्या मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. मोजणे सोपे आहे, मोजत राहणे अवघड.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत आली. माणसे डोळ्यांनी काटा बघून वहीत आकडा लिहीत. रोज, तासातासाला, पावसाळ्यातही. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला इतिहासातले एक सर्वात मोठे सौर वादळ आले. त्या वेळी कुलाब्याच्या वहीत काटा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद झाली. लिहिणाऱ्याला त्याचे महत्त्व किती कळले असेल? पण त्याने लिहिले. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतल्या आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर किती होता हे ठरवले, ते याच नोंदीच्या आधारे.

दुसरी गोष्टही तितकीच शिकण्यासारखी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या करंटने काटे बिघडणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत, १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू केली. पण कुलाब्याची लगेच बंद केली का? नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे आकडे जोडता येतील. त्यामुळे आज आपल्याकडे दीड शतकाहून अधिक काळची सलग नोंद आहे. 'हँडओव्हर' म्हणतात तो असा!

आणि आपल्याकडे? फायनल इयरचे प्रोजेक्ट कसे होतात हे होस्टेलमध्ये राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. शहरातल्या प्रोजेक्ट सेंटरमधून किट येते, रिपोर्ट मागच्या वर्षीच्या पेन ड्राइव्हमधून येतो, बाइंडिंग तेवढे आपले. मॉडेल एक दिवस एक्झामिनरसमोर चालते आणि मग कपाटावर धूळ खाते. पुढची बॅच परत शून्यापासून. चार वर्षांत ओढ लागावी असे काही हाती उरत नाही, कारण काही पुढे जातच नाही.

सूर्याचे चक्र अकरा वर्षांचे आहे. २००१ च्या सुमारास एक शिखर झाले, २०१४ मध्ये दुसरे, आणि २०२४ मध्ये सूर्य पुन्हा शिखराच्या टप्प्यात आला. इथून पुढे उतरण. तळ २०३० च्या आसपास अपेक्षित, पुढचे शिखर २०३० चे दशक निम्मे होईपर्यंत नाही. आपली डिग्री चार वर्षांची, सूर्याची अकरा वर्षांची! कोणत्याही एका बॅचला पूर्ण चक्र दिसणे शक्य नाही. म्हणून हे काम एकट्याच्या हुशारीने होणारच नाही. ते फक्त होस्टेलसारख्या ठिकाणीच होईल, जिथे सीनिअर जातात आणि ज्युनिअर येतात पण गच्ची तिथेच राहते.

बांधावरचा प्रश्न

'याचा आपल्या जिल्ह्याला काय उपयोग?' हा प्रश्न मला सर्वात जास्त आवडतो. कारण उत्तर शेताच्या बांधावर आहे. आज भूमी अभिलेखवाले मोजणीला रोव्हर घेऊन येतात. रोव्हर नीट 'फिक्स' झाला तर सेंटीमीटरमध्ये अचूक. पण वरचे आयनांबर खवळलेले असेल तर फिक्स यायला वेळ लागतो, आलेला सुटतो, आणि अर्धवट फिक्सवर घेतलेला बिंदू कितीतरी चुकू शकतो. आपल्याकडे वीतभर बांधासाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात हे घनसावंगी-अंबडच्या पोरांना मी काय सांगणार! स्क्रीनवर दिसणारा प्रत्येक आकडा खरा नसतो, वर आकाशात काय चालले आहे त्यावर तो अवलंबून असतो, हे ज्या इंजिनिअरला ठाऊक आहे तो पुन्हा एकदा मोजेल. ज्याला ठाऊक नाही तो सही करून मोकळा होईल.

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यातले सौर वादळ आठवा. लडाखच्या हानले इथून तांबडे आकाश दिसल्याचे फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण त्याच वेळी अमेरिकेत मक्याच्या पेरणीचे ऐन दिवस होते, आणि जीपीएसवर सरळ रेषेत चालणारे ट्रॅक्टर शेतकऱ्यांना थांबवावे लागले. आपल्याकडे ड्रोनने फवारणी सुरू झालीच आहे. मोसंबीच्या बागांपर्यंत आणि कपाशीच्या सऱ्यांपर्यंत ही यंत्रे येणार. ती विकणारे शहरातून येतील, पण बिघडल्यावर प्रश्न आपल्यालाच विचारला जाणार.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सरांच्या बाजूने येईल. 'अरे, सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स स्टेशने राज्यभर आहेत. एका स्टेशनला चारी बाजूंना शेकडो किलोमीटरचे आयनांबर दिसते. तुमच्या फोनची काय मातब्बरी?' आक्षेप रास्त आहे. आपल्या गच्चीवरचा आकडा त्या स्टेशनांच्या तोडीचा नसेल. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये 'नेचर' मध्ये गुगलच्या संशोधकांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी लक्षावधी अँड्रॉइड फोन एकत्र धरून आयनांबराचा नकाशा काढला, आणि त्यात भारतावरचे प्लाझ्मा बबल दिसले! एकेक फोन कच्चा, पण खूप फोन आणि खूप दिवस मिळाले की चित्र स्वच्छ होते. आपल्याकडे खूप फोन आहेत. खूप दिवस तेवढे जमवायचे आहेत.

दुसरा आक्षेप. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, कठडे, शेजारची बिल्डिंग. सिग्नल त्यावर आपटून येणार, मग लुकलुक आकाशाची की टाकीची? याला एक सुंदर युक्ती आहे. जीपीएसचा उपग्रह आकाशात त्याच जागी रोज सुमारे चार मिनिटे आधी येतो. टाकीमुळे होणारी गडबड त्यामुळे रोज चार-चार मिनिटे आधी, तशीच्या तशी उमटते. आयनांबराची लुकलुक असे घड्याळ पाळत नाही. लागोपाठ दोन-तीन दिवसांचे आलेख चार-चार मिनिटे सरकवून एकावर एक ठेवा, टाकी लगेच पकडली जाते. हे एकदा स्वतः करून बघितले की 'नॉइज' आणि 'सिग्नल' यातला फरक जन्मात विसरणार नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच मित्रांचा. 'याने प्लेसमेंट होणार आहे का?' मुलाखतीत 'युवर प्रोजेक्ट' म्हटल्यावर समोरच्याला आपल्या गच्चीवरचा सहा महिन्यांचा डेटा, त्यातल्या चुका आणि त्या कशा काढल्या हे सांगणारा मुलगा आणि विकतच्या किटचा रिपोर्ट वाचणारा मुलगा, यांतला कोण लक्षात राहील हे तुम्हीच ठरवा.

काय करायचे?

नुसते उपदेश करून लेख संपवायचा नाही. सुरुवात अशी करता येईल.

पहिले पाऊल बिनखर्चाचे. २०१६ मधल्या अँड्रॉइड ७ पासून फोनमधला जीएनएसएसचा कच्चा डेटा मिळू लागला. ज्याच्याकडे दोन फ्रिक्वेन्सीचा म्हणजे एल-१ आणि एल-५ घेणारा फोन आहे, त्याने गुगलचे 'जीएनएसएस लॉगर' हे फुकट अ‍ॅप टाकावे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स' चालू करावे, नाहीतर फोन बॅटरी वाचवायला मध्येच डुलकी घेतो. कुणाचा जुना, स्क्रीन फुटलेला फोन असेल तर तो कायमचा गच्चीवर ठेवता येईल. फोन दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला. रोज संध्याकाळी सात ते बारा. प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद सेकंदाला एकदा नोंदवली जाईल. खऱ्या सिंटिलेशन मॉनिटरला सेकंदाला ५० नमुने लागतात, त्यामुळे आपला आकडा अंदाजी राहील. तसे वहीत स्पष्ट लिहावे. ज्याच्या फोनला आपला 'नाविक' मिळतो त्याने तोही बघावा. त्याचे काही उपग्रह भूस्थिर असल्याने आकाशात एकाच जागी दिसतात, म्हणजे बदल दिसला तर तो उपग्रह हलल्यामुळे नाही एवढे नक्की.

दुसरे, साधे रजिस्टर. तारीख, वेळ, कोणता फोन, कुठे ठेवला, लाइट गेली होती का, पाऊस होता का, कोणी नोंद घेतली. फाइल कॉम्प्युटरवर राहीलच, पण रजिस्टर हवेच. कुलाब्याच्या वहीला पासवर्ड नव्हता.

तिसरे, कामाची वाटणी. हा फक्त ईअँडटीसीचा विषय नाही. डेटा साफ करणे कॉम्प्युटरवाल्यांचे. रोव्हर आणि सर्व्हेचा संबंध सिव्हिलवाल्यांचा. फोनसाठी ऊन-पावसात टिकेल असा डबा मेकॅनिकलवाल्यांनी करावा, फक्त तो पत्र्याचा नको, प्लॅस्टिकचा करा रे बाबांनो!

चौथे, आणि सर्वात महत्त्वाचे, हँडओव्हर. दर वर्षी नवीन बॅच आली की दोन महिने जुन्या आणि नव्या मुलांनी एकत्र नोंदी घ्यायच्या. फोन बदलला तर जुना-नवा शेजारी ठेवून काही दिवस दोन्हीवर मोजायचे. अलिबागचा धडा हाच आहे.

सर आणि मॅडम, आपल्याला दोनच विनंत्या. एक, या नोंदी घेणाऱ्याला टर्म वर्कमध्ये किंवा मिनी प्रोजेक्टमध्ये मार्क द्यावेत, म्हणजे पहिल्या उत्साहाचा महिना संपल्यावरही काम चालू राहील. दुसरी, रेक्टर सरांनी संध्याकाळी गच्चीची किल्ली द्यावी. गच्चीवर मुले काय करतात याची काळजी सरांना असते ती आम्हाला मान्य आहे. आता तरी सांगायला चांगले कारण आहे!

दोन-तीन वर्षांची नोंद जमली की ती घेऊन पनवेलच्या किंवा कोल्हापूरच्या शास्त्रज्ञांकडे जाता येईल. ते चुका काढतील. काढू देत. चुका काढण्याइतके काहीतरी आपल्या हातात असणे हेही कमी नाही.

येत्या काही वर्षांत सूर्य शांत होत जाईल. लुकलुक कमी होईल, आठवडेच्या आठवडे वहीत 'काही नाही' एवढेच लिहावे लागेल. कंटाळा येईल. पण 'काही नाही' हीसुद्धा नोंदच असते. आज ती ठेवली तर २०३५ च्या आसपास सूर्य पुन्हा तापेल तेव्हा याच होस्टेलमधल्या कुठल्यातरी बॅचच्या हातात तुलनेला शांत वर्षांचे आकडे असतील. ती मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. त्यांच्यासाठी कुणीतरी पहिल्या पानावर तारीख टाकायला हवी. ती या सत्रातच पडावी एवढीच इच्छा.

— एक होस्टेलाइट, तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार